अनिश्चित काळ आणि मनाचे अवधान

श्रींच्या कार्यालयात पावतीच्या खिडकीशी उभे राहून, अभिषेकाची पावती घेता घेता भाविक जे दोन शब्द बोलतात, ते ऐकण्याचा योग गेली अनेक वर्षे मला लाभला आहे. नवस फेडावयास आलेली मंडळी फार बोलत नाहीत. त्यांचे काम झालेले असते. पुढे काय होणार हे ज्यांना ठाऊक नसते, ते मात्र पावती हाती पडल्यावरही क्षणभर घोटाळतात. मुलाची नोकरी टिकेल काय, तपासणीचा अहवाल काय येईल, कर्ज फिटेल काय, यंदा आंब्याला मोहोर धरेल काय, असे त्यांचे प्रश्न असतात. प्रश्न निरनिराळे, परंतु मागणे एकच : जे अद्याप घडलेले नाही त्याची खात्री देवाने आजच द्यावी. अशी खात्री देवाजवळ मागावी काय, आणि ती मिळत नसेल तर तोवर मन शाबूत कसे ठेवावे, या प्रश्नाचा यथामति विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आपल्या कोकणात कौल लावण्याची प्रथा जुनी आहे. देवाच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या, कळे अथवा तांदूळ लावावयाचे, आणि उजवीकडचे आधी पडते की डावीकडचे यावरून देवाचा होकार वा नकार समजून घ्यावयाचा. ही प्रथा एका शब्दात मोडीत काढणे सोपे आहे. मी तसे करू इच्छीत नाही. दोन वाटांपैकी कोणतीच धरवत नाही म्हणून ज्याची रात्रीची झोप उडाली आहे, अशा माणसाला कौलामुळे एक वाट धरण्याचे बळ आलेले मी प्रत्यक्ष पाहिले आहे. परंतु तोच प्रश्न घेऊन लागोपाठ तीन सोमवार येणारेही पाहिले आहेत. पहिला कौल मनाजोगता पडला नाही म्हणून दुसरा, आणि दुसरा मनाजोगता पडला तरी तो खरा काय याची शंका आली म्हणून तिसरा! गुरवही अशा वेळी माझ्याकडे पाहून मंद हसतात. निश्चितीची भूक ही अशी आहे; ती उत्तराने भागत नाही, उलट वाढते. देवाने लेखी कळविले तरी आपण त्यावरची सही तपासून पाहू.

ही भूक स्वतःच्या ठायी किती आहे, हे मला २०२० साली कळले. त्या वर्षी मार्च महिन्यात टाळेबंदी आली आणि राज्यातील इतर देवस्थानांप्रमाणे आपल्याही मंदिराचे महाद्वार भाविकांसाठी बंद झाले. आत नित्यपूजा, नैवेद्य, आरती चालू होती. बाहेर दीपमाळेपाशी चिटपाखरू नव्हते. दानपेटीत काही पडत नव्हते आणि सेवेकऱ्यांचे पगार मात्र द्यावयाचे होते. कार्यालयात मी एकटा बसे. दूरध्वनी वाजे तो एकाच प्रश्नासाठी : मंदिर कधी उघडणार? मला ठाऊक नसे. घरी गेल्यावर रात्री दोन दोन वाजेपर्यंत मी बातम्या पाही. तेच आकडे, तेच चेहरे, तरी पुढच्या बातमीत काहीतरी निश्चित कळेल अशी आशा सुटत नसे. तो तरी आणखी काय होता? मोबाइलच्या पडद्यावर लावलेला कौलच तो.

त्यातच ३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर आले. ज्यांनी ते पाहिले त्यांना सांगावयास नको. घरांची कौले व पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. परंतु सर्वांत मोठा घाव वाड्यांवर पडला. नारळाचे माड आणि पोफळी ही आपल्या किनारपट्टीची पिढीजात मिळकत होय. पोफळीचे रोप लावल्यापासून सुपारी धरावयास सहा-सात वर्षे लागतात. आजोबांनी लावावे, नातवाने काढावे, असा तो हिशेब. तो हिशेब दोन-तीन तासांत पुसला गेला.

वादळानंतर चार-पाच दिवसांनी एक वृद्ध बागाईतदार बंद महाद्वारापाशी येऊन उभे राहिले. वय सत्तरीच्या पुढे. मला म्हणाले, "साहेब, गुरवांना सांगून एवढा कौल लावून घ्या. वाडी परत लावू की विकून मुलाकडे मुंबईला जाऊ?" मुंबईला तेव्हा जाता येत नव्हते, आणि बाहेरून आलेल्यांसाठी कौल लावण्याची परवानगीही नव्हती. ते मी सांगितले. तेथेच थांबावयास हवे होते. पण मी चार पुस्तके वाचलेला माणूस. मी त्यांना उपदेश केला, "काका, उद्याचा विचार करू नका. आजच्या दिवसाकडे बघा."

ते माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "आजचाच दिवस बघवत नाही हो."

त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. वर्तमानात राहा, क्षण जगा, सकारात्मक विचार करा, ही वाक्ये अलीकडे फार स्वस्त झाली आहेत. ज्याचा वर्तमान बरा चालला आहे त्याला ती गोड वाटतात. ज्याच्या वाडीत आडव्या झाडांतून पाऊल टाकावयास जागा नाही, त्याला वर्तमानात राहा म्हणणे हे जखमेवर बोट ठेवून शांत राहा म्हणण्यासारखे आहे. म्हणून ज्या साधनेविषयी पुढे लिहावयाचे आहे तिचा आणि या स्वस्त वाक्यांचा संबंध नाही, हे आरंभीच सांगून टाकतो.

त्या साधनेस आज जगभर निरनिराळी नावे आहेत. मराठीत तिला सजगता म्हणतात. मला जुना शब्द अधिक जवळचा वाटतो, तो म्हणजे अवधान. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाचा आरंभच श्रोत्यांकडे अवधान मागून होतो. माउली श्रोत्यांजवळ धन मागत नाहीत, मान मागत नाहीत; एवढेच मागतात की, लक्ष येथे असू द्या. कार्यालयीन पत्रव्यवहारात मी "अनवधानाने राहून गेले" हे वाक्य आजवर किती वेळा लिहिले असेल याची गणती नाही. गंमत अशी की भाषेत हा नकारार्थी शब्द रोजच्या वापरात राहिला आणि मूळ शब्द पोथीत गेला. आपले सारे जगणे अनवधानाने चालते, याची नोंद भाषेनेच करून ठेवली म्हणावयाची.

अवधान म्हणजे मन रिकामे करणे नव्हे. मन रिकामे होत नाही. ज्यांनी प्रयत्न केला आहे त्यांना हे ठाऊक आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनानेच तक्रार केली आहे की हे मन वाऱ्यासारखे आहे, ते आवरणे कठीण. भगवंतांनी ती तक्रार खोडून काढली नाही, हे मला फार मोलाचे वाटते. मन चंचल आहे हे त्यांनी मान्य केले आणि अभ्यास व वैराग्य हे दोन उपाय सांगितले. मन जेथे जेथे पळेल तेथून तेथून त्याला परत आणावे, असा तो अभ्यास. म्हणजे जपाला बसल्यावर माळेच्या एकशेआठ मण्यांत मन चाळीस वेळा दुकानात, दवाखान्यात आणि बँकेत जाऊन आले, तर जप फुकट गेला असे नाही. ते गेले हे चाळीस वेळा ध्यानात आले आणि चाळीस वेळा ते परत आणले, हाच त्या दिवसाचा अभ्यास. आपण उगाच मनाला लाजवतो, आणि लाजलेले मन परत यावयास तयार होत नाही. समर्थांनी मनाच्या श्लोकांत, दोनशे पाच श्लोकांत, मनालाच समोर बसवून त्याच्याशी बोलण्याची रीत घालून दिली. त्यातील मर्म असे की, ज्याच्याशी बोलता येते तो आपल्याहून वेगळा असतो. भीती मनात आली असता "मी संपलो" असे म्हणणे निराळे, आणि "मना, तू आता घाबरला आहेस" असे म्हणणे निराळे. दुसऱ्या वाक्यात भीती तेवढीच असते, पण तिच्याकडे पाहणारा कोणीतरी शिल्लक राहतो.

चिंता आणि विचार यांतील भेदही येथेच आहे. विचार पुढचा असला तरी त्याला शेवट असतो. रोपे कोठून आणावयाची, पैसा किती लागेल, माणसे कोण मिळतील, एवढे ठरले की तो उठून जातो. चिंता गोल फिरते. तिला प्रदक्षिणा म्हणावे तर मधे देव नसतो. भविष्याची तरतूद करू नये असे अवधान सांगत नाही. कोकणातला माणूस पावसाळ्याची तरतूद न करील तर खाईल काय? तरतूद करताना हात तरतुदीत असावेत आणि मन नसत्या वादळात भिजत बसू नये, एवढेच त्यात अभिप्रेत आहे.

आता त्या बागाईतदारांकडे वळतो. आठ-दहा दिवसांनी ते पुन्हा आले. हाती शाळेच्या मुलाची एक वही होती. पंचनाम्यासाठी झाडांची संख्या लागणार म्हणून त्यांनी रोज सकाळी वाडीत जाऊन एकेक झाड मोजावयास घेतले होते. पहिल्या दिवशी दहा-बारा झाडांपुढे जाववले नाही, असे म्हणाले. दुसऱ्या दिवशी आणखी थोडी. मुळासकट गेलेली, मधेच मोडलेली, कललेली, उभी, असे चार रकाने त्यांनी पाडले होते. मला वही दाखवून म्हणाले, "सगळी वाडी गेली असं मी बोलत होतो. सगळी नाही गेली. एकेचाळीस पोफळी उभ्या आहेत, माड सहा." गेलेल्या झाडांचा रकाना अर्थातच कितीतरी मोठा होता. त्यांचे दुःख कमी झाले असे मला वाटले नाही; बोलताना त्यांचा हात थरथरत होता. परंतु "सगळी गेली" हे मनाने एका रात्रीत लिहिलेले वाक्य होते, आणि त्या वहीतला प्रत्येक आकडा डोळ्यांनी झाडापाशी उभे राहून लिहिलेला होता. आजचा दिवस बघवत नाही म्हणणाऱ्या माणसाने तो दिवस झाडाझाडाने पाहिला होता. मी शब्दांनी सांगू पाहत होतो ते त्यांनी कोणी न सांगता केले.

पुढे १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळी पाडव्याला, राज्यातील मंदिरे उघडली. ते दर्शनास आले तेव्हा मी आपण होऊन विचारले, "काका, कौल लावायचा ना?" म्हणाले, "आता कशाला? रोपं लावून झाली. बरोबर केलं की चूक, ते कळायला मी असेन की नाही कोण जाणे." आणि रांगेत जाऊन उभे राहिले. निश्चिती त्यांना तेव्हाही मिळालेली नव्हती.

पश्चिमेकडील वैद्यकशास्त्राने हा विषय हाती घेतला त्यास आता चार दशकांहून अधिक काळ लोटला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली दीर्घकाळ वेदनेने पीडित असलेल्या रुग्णांसाठी श्वासावर व शरीरावर लक्ष ठेवण्याचा अभ्यासक्रम सुरू केला. पुढे वारंवार नैराश्य येणाऱ्या रुग्णांसाठी मानसोपचाराशी त्याची सांगड घातली गेली, आणि नैराश्य पुन्हा उलटू नये म्हणून तिचा उपयोग होऊ लागला. या सर्वांचे मूळ भगवान बुद्धांच्या स्मृतिसाधनेत आहे. तीच परंपरा ब्रह्मदेशातून घेऊन सत्यनारायण गोएंका १९६९ साली भारतात आले; १९७६ साली आपल्या नाशिक जिल्ह्यात इगतपुरीस धम्मगिरीची स्थापना झाली. तेथील दहा दिवसांच्या शिबिरात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. श्वास पाहण्याआधी साधकास शीलाचे व्रत घ्यावे लागते : हिंसा, चोरी, असत्य, मद्य इत्यादींपासून दूर राहण्याचे. आधी वर्तन, मग श्वास. हल्ली मोबाइलमध्ये "आता श्वास घ्या" म्हणून आठवण करून देणारी साधने निघाली आहेत. श्वास घ्यावयास कोणाची ना नाही. परंतु शीलाचा भाग वगळून नुसता श्वास उचलला की साधना ही डोकेदुखीच्या गोळीसारखी होते. मालकाने नोकरांना दिवसरात्र राबवावे आणि शनिवारी त्यांच्यासाठी ध्यानाचा वर्ग ठेवावा, हे मी ऐकून आहे. त्या वर्गात नोकरांनी कशाकडे लक्ष द्यावे अशी अपेक्षा असते, देव जाणे.

येथे या विषयातील खरा नैतिक प्रश्न उभा राहतो. मन शांत करणे हा अन्यायाशी आणि दुःखाशी केलेला तह तर नव्हे? जग जळत असता मी डोळे मिटून श्वास मोजावा, हे पळून जाणे नव्हे काय? हा आक्षेप मी हलका मानीत नाही. असे पळून जाणे पुष्कळदा घडते, आणि ते देवळात अधिक सहज घडते.

या संदर्भात मला नेहमी तुकोबांचे चरित्र आठवते. इ. स. १६३० ते १६३२ या काळात दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. तुकोबांची पहिली पत्नी व मुलगा त्यात गेले, दुकान बुडाले. त्यानंतर ते देहूजवळच्या डोंगरावर एकांतात जाऊन बसत. एवढेच सांगितले तर हे पळून जाणेच ठरेल. परंतु परंपरा आणखी एक गोष्ट सांगते. घरी सावकारी होती, लोकांकडून येणे असलेली खते होती. तुकोबांनी धाकट्या भावाच्या वाटणीची खते त्यास दिली आणि स्वतःच्या वाटणीची इंद्रायणीत बुडविली. स्वतःचे घर दुष्काळात गेलेल्या माणसाने इतरांचे ऋण सोडले. एकांतातील अवधान आणि खते बुडविणे या दोन गोष्टी मी वेगळ्या मानू शकत नाही. ज्याचे लक्ष खरोखर ठिकाणावर येते त्याला आपल्या दुःखाशेजारी बसलेला माणूसही दिसू लागतो. लक्ष येऊनही तो दिसत नसेल, तर आपण केले ते अवधान नव्हे; ती एक सुखद झोप असावी. महाद्वारापाशी मी त्या काकांना उपदेश करीत होतो तेव्हा मी वर्तमानाविषयी बोलत होतो, पण माझे लक्ष त्यांच्याकडे नव्हते, माझ्या वाक्याकडे होते. त्यांच्याबरोबर चार झाडे मोजावयास गेलो असतो तर ते अधिक बरे झाले असते. हे आज सुचते. तेव्हा सुचले नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिणे मी कर्तव्य समजतो, कारण देवस्थानाच्या पुस्तिकेत ती सहसा लिहिली जात नाही. प्रत्येक दुःखावर अवधान हा उपाय नाही. कित्येकांना डोळे मिटून बसले असता भीती वाढते, मागचे भयंकर प्रसंग पुढे येतात, छाती धडधडू लागते. त्यांनी हट्टाने बसू नये. डोळे उघडावे, उठून चालावे, कोणाशी बोलावे. प्रदक्षिणेत पावले मोजणे हेही अवधानच आहे. आठवडेच्या आठवडे झोप नाही, अन्न गोड लागत नाही, जगणे नकोसे वाटते, अशी अवस्था असेल तर तो भक्तीचा उणेपणा नव्हे. तो आजार आहे आणि त्यास वैद्य आहेत. ताप आला असता आपण अंगारा लावतो आणि डॉक्टरकडेही जातो. मनाच्या तापाला वेगळा न्याय का? केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, त्यास पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक कार्यालयाच्या खिडकीवर, अभिषेकाच्या दरपत्रकाच्या शेजारीच लावून ठेवला आहे. तेथे कशाला, असे एक-दोघांनी विचारले. तेथे सर्वांची नजर जाते म्हणून.

दुपारी नैवेद्यानंतर दोन ते चार या वेळेत सभामंडपात गर्दी नसते. दक्षिणेकडील ओसरीवर चटया घातलेल्या असतात; ज्यांना काही काळ निवांत बसावयाचे असेल त्यांनी तेथे अवश्य बसावे. पावतीची अथवा कोणास विचारण्याची आवश्यकता नाही. समुद्राची गाज तेथे स्पष्ट ऐकू येते. जप येत असेल तर जप करावा, नसेल तर नुसती गाज ऐकावी. मन वाडीत वा बँकेत गेले तर पुन्हा गाजेकडे यावे. शेजारी कोणी रडत असल्यास पाणी विचारावे, कारण विचारू नये; त्यांना बोलावयाचे असेल तर ऐकून घ्यावे. भ्रमणध्वनी बंद ठेवावा, आणि या दोन तासांत मंडपातील मोठी घंटा वाजवू नये, ही नम्र विनंती.